माणसागणिक एक दिवा

आकडा आठवेना.

फोन कान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरून, एका हाताने ठकीचे दोन्ही पाय वर उचलून, दुसऱ्या हाताने ती अंथरुणावर कोरडं लंगोट चाचपत होती, आणि पलीकडून सभागृहाचे किल्लीवाले काका ओरडत होते, "ताई, हॉल तापवायचा बंब बंद पडला आमचा! कारागीर म्हणतो उद्या सकाळीच. आणि कार्यक्रम तर आत्ता, संध्याकाळी. तुम्हीच उद्घाटनाच्या वेळी सांगितलं होतंत ना, की माणूस म्हणजे चालती-बोलती शेगडी असते? मग सांगा बघू, एक माणूस किती तापवतो?" ती म्हणाली, "अहो, सोपं आहे, एक माणूस..." आणि पुढे काही आलंच नाही. ओळखीच्या घराची कडी वाजवावी आणि आतून भलत्याच माणसाने दार उघडून 'कोण हवंय?' म्हणावं, तसं झालं. ठकीने संधी साधून तिच्या बाहीवर धार सोडली. "येतेच मी," ती फोनमध्ये म्हणाली आणि तशीच बसून राहिली, बाहीवरचा कोमट ओलावा हळूहळू गार होताना अनुभवत.

तिचं काम हवेचं. शाळा, दवाखाने, सभागृहं अशा मोठ्या इमारतींत हवा कुठून आत घ्यायची, किती तापवायची आणि वापरून झाली की कुठून बाहेर सोडायची, हे ठरवून देणाऱ्या एका कचेरीत ती ठकीच्या आधी रोज जायची, आणि ठकीनंतर, नुकतीच, अर्धा दिवस जायला लागली होती. भाऊ तिला पंखेवाली म्हणायचा. सासूबाईंच्या मैत्रिणींनी विचारलं की काय हो, सून काय करते तुमची, तर सासूबाई गंभीर तोंड करून सांगायच्या, "हवा विकते. बरं चाललंय. मालाला तोटा नाही." पहिल्याच दिवशी कचेरीतल्या थोरल्या साहेबांनी तिच्यापुढे एका सभागृहाचा नकाशा पसरला होता. खुर्च्यांचे बारके बारके चौकोन, ओळीमागून ओळी. साहेबांनी शिसपेन्सिलीने एका चौकोनात एक दिवा काढला, मग शेजारच्यात दुसरा, मग तिसरा, चित्र काढणाऱ्या पोराच्या तन्मयतेने. "माणसं बिणसं विसर," ते म्हणाले. "हे दिवे. माणूस टेकला की दिवा लागला. गाणं ऐकतोय की डुलक्या काढतोय, त्याला विचारायचं नाही. दिवा तो दिवा. आता बंद खोलीत एवढे दिवे लावलेस तर काय होईल?" आणि मग त्यांनी दिव्याच्या काचेवर आकडा लिहिला होता, किती ताकदीचा दिवा ते. त्या दिवसापासून तिला जिथे तिथे दिवे दिसायला लागले. लिफ्टमध्ये चार दिवे कोंबलेले. बसच्या मागच्या बाकावर भांडणारे दोन दिवे. स्वतःच्या लग्नातसुद्धा ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली होती, "या खोलीत फार दिवे झालेत, मागची खिडकी उघडायला सांग," आणि त्याने घाबरून छताकडे पाहिलं होतं. आताही तिला तो नकाशा स्वच्छ दिसत होता. त्यावर साहेबांच्या कपाचा गोल डाग दिसत होता, पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका दिसत होता. नेमका काचेवरचा आकडा कुणीतरी खोडरबराने पुसून टाकला होता. चाळीस? चारशे? दोन्ही तितकेच खरे वाटत होते, म्हणजे दोन्ही खोटे.

आकड्याचं एक वेळ ठीक होतं. पण गेले काही महिने हे असंच चाललं होतं. चष्मा फडताळातल्या साखरेच्या डब्यात सापडायचा. परवा कचेरीत भर बैठकीत 'झरोका' हा शब्द आला नाही, तेव्हा तिने हवेत बोटाने भोक काढून दाखवलं, आणि समोरच्या पोरसवद्या अभियंत्याने ते भोक आदराने टिपून घेतलं. सगळे म्हणायचे, होतं असं, बाळंतिणीचं डोकं पातळ होतं, येईल जागेवर. ती पण हसायची. पण रात्रपाळी करणाऱ्या आईला जे विचार सुचतात त्यातला एक तिने कुणालाच सांगितला नव्हता: की ठकीबरोबर तिच्यातून आणखीही काहीतरी बाहेर आलं असावं, काहीतरी लहानसं, कामाचं, आणि नर्सने ते कापडात गुंडाळून चुकून कुठेतरी नेऊन ठेवलं असावं. आता आपण म्हणजे दूध आणि ऊब. बाकी भांडं रिकामं.

आणि आज सभागृहात जायचं कसं टाळणार होती ती? आज गाणार होत्या सासूबाई. गल्लीतल्या हौशी गायकांचा एक वृंद होता. त्यात त्या उतारवयात, कुणाला न विचारता, नाव घालून आल्या होत्या. पहिले काही महिने मागच्या रांगेत नुसतं तोंड हलवलं, असं त्या स्वतःच सांगायच्या. मग मास्तरांनी एकदा सगळ्यांना थांबवून विचारलं, "मागे खालचा सूर कोण लावतंय?" आणि सासूबाईंना वाटलं आता हाकलणार. हाकललं नाही. शेवटच्या गाण्यातली एक ओळ एकटीने म्हणायला दिली. "दार लोटा हळूच मागे, आलो आम्ही सगळे जण." एवढीच ओळ, त्यातलं 'सगळे' लांबवायचं, श्वास पुरेस्तोवर. ती ओळ घरात सगळीकडे सांडली होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, आणि सर्वात जास्त ठकीला थोपटताना. ठकी 'सगळे'च्या 'ग'पर्यंत पापण्या मिटायची आणि 'ळे' संपेपर्यंत झोपलेली असायची. नवरा दौऱ्यावर निघताना म्हणाला होता, "आईची ओळ मी चुकवतोय, तू नीट ऐक आणि मला सांग." एरवी ठकीला सासूबाई सांभाळायच्या. आज सासूबाई रंगमंचावर, म्हणून ठकीला छातीशी झोळीत बांधून, वरून नवऱ्याचा मोठा कोट चढवून, कोटाच्या वरच्या दोन गुंड्यांमधून ठकीचं टक्कल बाहेर ठेवून ती निघाली, तेव्हा रस्त्यावरच्या आरशासारख्या काचेत तिला एक गरोदर, दोन डोक्यांची बाई दिसली आणि तिला फिस्सकन हसू आलं.

सभागृहाच्या आवारात गर्दी उभी होती. थंडी अशी, की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती, जशी काही प्रत्येकाने पोटात किटली ठेवलीय. लोक पाय आपटत होते, हात काखेत घालत होते, म्हाताऱ्यांनी मफलरी नाकापर्यंत ओढल्या होत्या. जुडग्याचा खळखळाट ऐकू आला आणि त्यामागोमाग किल्लीवाले काका आले. त्यांच्या कमरेला साऱ्या इमारतीच्या किल्ल्या लटकलेल्या असत, त्यामुळे माणूस दिसायच्या आधी ऐकू यायचा.

"काका, ही सगळी माणसं बाहेर का उभी?"

"आत गारठा आहे ना, ताई. गारठ्यात कसं बसवायचं लोकांना? बरं दिसतं का? म्हटलं, हॉल जरा तापला की घेऊ आत."

"कशाने तापणार?"

जुडगा वाजायचा थांबला. "म्हणजे... बंब तर बंद आहे. पण म्हटलं, हळूहळू."

"काका, चूल पेटली की मग लाकडं घालू म्हणून तुम्ही लाकडं अंगणात रचून ठेवलीत."

काकांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे, आणि मग स्वतःच्या कपाळावर असा फाडकन हात मारला की झोळीतली ठकी दचकली. "अरे देवा! म्हणजे मी सरपणच गारठवतोय! दारं उघडू?"

"थांबा. मला आधी आत बघू दे."

आतली थंडी बाहेरच्यापेक्षा वेगळी होती. बाहेरची निदान हलत होती, आतली बसून होती, रिकाम्या खुर्च्यांवर एकेक करून, तिकीट काढून आल्यासारखी. तिने तिकडे पाहिलं आणि तिला हे सभागृह कागदावर होतं तेव्हाचे दिवस आठवले. खुर्च्यांखालून हवा आत घ्यायची हे तिने भांडून पटवून दिलं होतं. नकाशातल्या प्रत्येक चौकोनात तिनेही दिवे काढले होते, साहेबांसारखेच. रंगमंचावर मात्र भांडण चालू होतं. गायकवृंदाचे मास्तर, किडकिडीत, गळ्याभोवती मफलरीचे दोन वेढे, पियानोच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. भोवती निळ्या कपड्यांतले गायक, प्रत्येकाच्या अंगावर वरून काहीबाही: स्वेटर, घोंगडी, एकाच्या खांद्यावर चक्क गाडी झाकायचं कापड. सासूबाई सर्वांच्या पुढे.

"मी गळे फोडणार नाही," मास्तर म्हणत होते. "या थंडीत सूर वर जायचे नाहीत. आणि लोक खोकत बसतील. पुढे ढकलू. दोनेक महिन्यांनी पुन्हा तारीख मिळेल."

"ढकलायला मला काही नवीन नाही, मास्तर," सासूबाई म्हणाल्या. "शाळेत गाणं होतं, परीक्षा आली, ढकललं. लग्न झालं, ढकललं. पोरं झाली, ढकललं. ती मोठी होईपर्यंत ढकललं, मग त्यांच्या बाबांचं आजारपण, ढकललं. आता ढकलत ढकलत पार कडेला आलेय. पुढे जागा नाही ढकलायला." हे त्या हसत म्हणाल्या, सगळे हसले, पण सुनेने सासूबाईंचे हात पाहिले. ते एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. ठकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या दारात उभ्या होत्या तेव्हाही असेच होते. तिला ठाऊक होतं की ठकी आल्यावर त्यांनी वृंद सोडायचा घाट घातला होता. 'पोरगी आधी,' म्हणाल्या होत्या. तेव्हा तिनेच त्यांना हात धरून घराबाहेर काढलं होतं, 'आई, जा तुम्ही, तालीम चुकवायची नाही,' असं म्हणून. आणि आता त्या तिच्याकडेच बघत होत्या. "ही बघा आली आमची हवावाली. तिला विचारा."

मास्तर खाली उतरले. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. काका म्हणतात, माणसांच्याच उबेवर हॉल तापेल. पुरेल ती? अंदाजपंचे नको. तुमच्या शास्त्रात आकडा असेलच ना काहीतरी."

आकडा. खिशात फोन होता, काढून शोधता आला असता. पण काका आणि मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि वैद्याने रोग्यासमोर पुस्तक उघडून नाडी कुठे असते ते वाचावं, तसं झालं असतं. ती पुन्हा त्या नकाशाकडे गेली, कपाचा डाग, मोडलेलं टोक, कोरी काच. आणि तेवढ्यात तिला कळलं की या गोठलेल्या दालनात, तिचे कान बधिर झालेत, नाकाचा शेंडा आपला राहिलेला नाही, आणि तरी छातीवर, झोळीच्या आत, तिला घाम आलाय. ठकीचा गाल जिथे टेकला होता तिथे कपडा ओलसर झाला होता. एवढीशी पोरगी, कोटाची दोन पाखं, मधली चिमूटभर हवा, आणि आत उन्हाळा.

"पुरेल," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला जरा मोठा वाटला.

"आणि आकडा?"

"आकडा कार्यक्रम झाल्यावर सांगते."

"तेव्हा काय लोणचं घालायचंय त्याचं?"

"मास्तर," सासूबाई मध्ये पडल्या, "तुम्ही मला सांगता, सूर पोटातून काढा. तो पोटात नक्की किती बोटं खाली असतो, ते विचारलं का मी कधी?"

मास्तरांनी मफलरीचा एक वेढा काढला. ती संमतीच होती.

मग मात्र तिला काही आठवायची गरज पडली नाही, कारण हात आणि डोळे आपलं आपण करत गेले. छताचे झरोके ("काका, झरोके!" शब्द आपोआप तोंडात आला, आणि तिला वाटेत सापडलेल्या नाण्यासारखा आनंद झाला) बंद करायला लावले. सज्जा बंद, तिकडे कुणी बसायचं नाही. रंगमंचाच्या डोक्यावर पडदे वर ओढून घ्यायला केलेली एक उंच पोकळी असते. प्रेक्षकांना ती दिसत नाही, पण ती म्हणजे उलटी टांगलेली विहीर. ऊब वर चढते आणि तिच्यात बुडून जाते. म्हणून मधला जाड पडदा पाडायचा, आणि गायकांनी पडद्याच्या पुढे, अगदी काठावर उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून. "मग माझ्या तीन पायऱ्यांची रचना?" मास्तरांनी विचारलं. "उंच मागे, बुटके पुढे, एवढंच," ती म्हणाली, "शाळेच्या फोटोसारखं." पियानो ढकलायला सहा जण लागले आणि त्या सहा जणांची घोंगडी तिथेच गळून पडली. हे तिने मनात टिपून ठेवलं. लोकांना एकदम आत घ्यायचं, दार पुन्हापुन्हा उघडायचं नाही, आणि सगळ्यांनी पुढून भरत यायचं, मध्ये एकही खुर्ची मोकळी सोडायची नाही. काकांनी दारात उभं राहून, जन्मभर 'गर्दी करू नका' म्हणणाऱ्या आवाजात, 'गर्दी करा, गर्दी करा!' असं ओरडायला सुरुवात केली, आणि त्यांना ते इतकं आवडलं की सगळे बसल्यावरही ते दोनदा ओरडले.

दारं लागली. ती भिंतीला टेकून उभी राहिली, जिथे तिनेच बसवलेला पाऱ्याचा थर्मामीटर होता. पारा हलला नव्हता. उलट दार उघडलं तेव्हा जरासा खालीच गेला होता. पहिलं गाणं सुरू झालं ते अडखळत, वरच्या सुराला एक आवाज फाटला, आणि खोकल्याची साथ ओळीओळीतून पुढे सरकली. दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा कार्यक्रम आहे की बर्फाचा कारखाना?" त्यांची बायको म्हणाली, "बसा हो. घरी तरी कुठे ऊब आहे, तुम्ही असता तिथे." आसपासचे हसले. पण मागचं एक जोडपं उठलं, वाकून, माफी मागत बाहेर गेलं, दार उघडलं, बाहेरची थंडी दोन ढांगांत आत आली, आणि तिला वाटलं, हे आपण काय करून बसलो. भिंती. भिंतींचा हिशेब तिने केलाच नव्हता. इतका वेळ गारठलेल्या भिंती आधी स्वतः पितील. मग हवेला काय उरेल ते. आकडा असता तर मांडता आलं असतं, किती प्यायच्या आणि किती उरायचं. आकडा नव्हता. म्हणजे ती इथे, दोनशे माणसांना बंद करून, नुसत्या छातीवरच्या ओलाव्याच्या जोरावर उभी होती. मास्तरांच्या पाठीमागून सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, 'होतंय' अशी. खोटी मान.

लहानपणी तिची स्वतःची आई शाळेत शिकवायची, आणि एक वर्ष तिच्याच वर्गावर होती. वर्गात तिला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हे घरी ठरलेलं. थंडीच्या दिवसांत सकाळी वर्ग इतका गार असायचा की फळ्यावर खडू घसरायचा. बाई सगळ्यांना पुढच्या बाकांवर बोलवायच्या, दोघांच्या बाकावर चार चार, आणि दार लावून म्हणायच्या, "आता कुणी काही करायचं नाही. फक्त असायचं." पोरं खिदळायची. असायचं म्हणजे काय करायचं, बाई? आणि सुरुवातीला खरंच काही व्हायचं नाही. बोटं आखडलेली, शेजारचीचं कोपर बरगडीत. तिला दर वेळी वाटायचं, आज नाही होणार. मग केव्हातरी, अमुक क्षणी असं सांगता यायचं नाही, बाई खडू खाली ठेवून स्वेटरची वरची गुंडी सोडायच्या, आणि सगळ्या वर्गाला कळायचं की झालं. आणि दवाखान्यातही तसंच. ठकी घाईने आली होती, वेळेच्या आधी, तळव्यात मावेल एवढे तिचे पाय, आणि ते पाय गार. नर्सने तिला उघडी करून आईच्या उघड्या छातीवर ठेवली, वरून चादर घातली. कितीतरी वेळ त्या पायांना काही होईना. ती रडायला लागली, म्हणाली, माझ्यात नाहीये हो ऊब, हिला यंत्रात ठेवा. जाडजूड, पान खाल्ल्यासारखे लाल ओठ असलेली ती नर्स म्हणाली, "घाई काय आहे? आधी तू तिला दे. ती पोटभर घेईल, आणि मग तुलाच परत देईल. देणंघेणं असं लगेच नसतं फिटत." आणि पहाटे खरंच तिचीच झोप मोडली होती, उकडून.

कुणीतरी मफलर काढली. तिने ते आधी ऐकलं, लोकर लोकरीवरून सरकल्याचा आवाज. मग दुसरी. चौथ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हातमोजे काढून पिशवीत ठेवले, व्यवस्थित, घरी आल्यासारखे. खोकला कधी थांबला ते कळलंच नव्हतं. मास्तर हात वर करून एकदम थांबले, आणि गायक बावचळले, कारण गाण्यात तिथे थांबा नव्हता. मास्तरांनी चष्मा काढला. त्यावर दाट वाफ धरली होती. त्यांनी तो पुसला, पुन्हा घातला, तो पुन्हा धुरकटला. शेवटी त्यांनी तो खिशात टाकला आणि आंधळ्यासारखे हात उंचावले, आणि का कुणास ठाऊक, गाणारे त्या क्षणापासून चांगले गायला लागले. तिने पाऱ्याकडे पाहिलं. तो दोन रेघा चढला होता, आणि अंगात जोर आलेल्या माणसासारखा आणखी चढत होता. तिने ठकीच्या टकलावर हनुवटी टेकवली. टक्कल गरम होतं, नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखं.

शेवटचं गाणं. सासूबाई एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी खांद्यावरचा स्वेटर मागच्या बाईच्या हातात दिला, आणि ते दोनशे माणसांसमोर इतक्या सहज केलं की सुनेला त्या क्षणी त्या तरुण दिसल्या, परीक्षेच्या आधीच्या. हातांची गाठ सुटलेली होती. "दार लोटा हळूच मागे," त्या म्हणाल्या. थोडा कंप होता, पण तो थंडीचा नव्हता. "आलो आम्ही..." आणि 'सगळे' सुरू झालं. ते सुरू झालं आणि लांबत गेलं, घरातल्यापेक्षा किती तरी जास्त, स्वयंपाकघरात मावलं नसतं एवढं. आणि कोटाच्या आत ठकी जागी झाली. कायम या शब्दावर झोपणारी पोरगी, पण आज तो शब्द तिच्याजवळ नव्हता, लांब कुठेतरी होता, कुणा भलत्यांच्यात. तिने मान उचलली, श्वास घेतला आणि आजीच्या सुराच्या बरोब्बर बाजूला, थोडासा वर, आपला एक खणखणीत 'आ' लावला.

सभागृह हसलं. एक गडगडाट उठला. आता तुटणार, तिला वाटलं, इतक्या वर्षांचं ढकललेलं आता सख्ख्या नातीने तोडलं. तिने घाईघाईने ठकीच्या तोंडाशी बोट नेलं. पण वर सासूबाईसुद्धा हसत होत्या. हसता हसता गात होत्या. सूर हेलकावे खात होता, पण सोडला नव्हता, आणि ठकीचा श्वास संपल्यावरही त्यांचा चालूच होता, 'सगळे' अजून 'सगळे'च होतं. मग त्या 'जण'वर अलगद उतरल्या, आणि त्यांच्यामागून सगळा वृंद कोसळला. टाळ्या वाजल्या. माणसं उभी राहिली. बर्फाच्या कारखान्यातले गृहस्थ कोट काढून तो हवेत फिरवत होते आणि त्यांची बायको त्यांची बाही ओढत होती.

आणि त्या टाळ्यांमध्ये आकडा आला. जेवणं आटोपून भांडी घासायला पडल्यावर पाहुण्याने दारात उभं राहावं, तसा, काहीही न झाल्यासारखा. शंभर. शंभराचा दिवा, साधा, जुना, दिवाणखान्यात असायचा तसला. कुठेच गेला नव्हता. साहेबांच्या गिरगटलेल्या अक्षरात, काचेवर, तिथेच बसलेला. तिला त्याचा रागही आला नाही. तिने सवयीने हिशेब मांडला: खुर्च्या, गायक, मास्तर, काका. मांडला, पुन्हा मांडला. पारा तिच्या हिशेबापेक्षा वर होता. मग लक्षात आलं, गाणारा दिवा बसलेल्या दिव्यापेक्षा जास्त जळतो, हसणाराही, टाळ्या वाजवणाराही. तेवढं धरलं. तरी थोडं उरलंच. तेवढ्यात मास्तर आले, कपाळावरून घाम पुसत, मफलर हातात, चष्मा नसलेल्या डोळ्यांनी भलत्याच माणसाकडे बघत म्हणाले, "अहो हवावाल्या बाई, खिडकी उघडा एखादी, जीव घाबरा झालाय!" तिने त्यांना आपल्याकडे वळवलं. "शंभर," ती म्हणाली. "काय शंभर?" "आकडा. झाल्यावर सांगते म्हटलं होतं." मास्तरांनी मफलरीने वारा घेतला. "बरं," ते म्हणाले, "पण आता खिडकी."

खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. तिने खिटी काढली, झडप ढकलली, आणि तिच्या मानेशेजारून सगळ्यांची ऊब बाहेर निघाली, लोकर, केस, श्वास, सगळ्याचा मिळून एक वास घेऊन. खाली रस्त्यावरून कुणीतरी खांदे आवळून चाललं होतं. ते खिडकीखाली आलं, थबकलं, वर पाहिलं, आणि खांदे सैल सोडून उगाचच तिथे उभं राहिलं. मागून सासूबाई आल्या, लाल, धापा टाकत, आणि त्यांनी आधी ठकीचं नाक पकडलं. "गाढवे, माझ्या ओळीत घुसतेस? तालमीला आली होतीस का?" मग सुनेकडे वळून हळूच विचारलं, "खरं सांग हं. तुला माहीत होतं, तापेल म्हणून?"

"नव्हतं, आई."

"अगं बाई!" सासूबाईंनी छातीवर हात ठेवला, आणि मग खुदकन हसल्या. "बरं झालं नाही सांगितलंस. मलाही नव्हतं माहीत, ओळ पुरी होईल म्हणून."

दोघी खिडकीत उभ्या राहिल्या. ठकीने कोटाच्या गुंड्यांमधून एक मूठ बाहेर काढली आणि बाहेर जाणाऱ्या हवेत उघडली. तेव्हा तिला कळलं, हिशेबात काय उरलं होतं. तिने खुर्च्या मोजल्या होत्या आणि खुर्चीवर नसलेले मोजले होते, आणि भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई तेवढी सोडली होती. अजून एक शंभराचा. आणि तिच्या छातीशी, सगळं घर झोपल्यावर कोपऱ्यात लावतात तसला, झिरोचा.